संकटात आभार कोणी मानायचे?

घरात दीर्घ आजारपण असले की भेटीला येणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘देवाचे आभार माना, याहून वाईट होऊ शकले असते.’ वडिलांच्या शेवटच्या आजारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की, बोलणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी तिळमात्र शंका नसतानाही मला ते असह्य होऊ लागले. त्याच दिवसांत माझी आई रोज रात्री देवासमोर बसून आभार मानत असे, आणि ते मात्र मला एकदाही खोटे वाटले नाहीत. देव तोच आणि शब्दही जवळजवळ तेच असताना एका तोंडून आलेले आभार जखमेवर मीठ चोळतात आणि दुसऱ्या तोंडून आलेले आभार आधार देतात, असे का व्हावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. तो केवळ एका घराचा प्रश्न नाही. युद्ध, साथ, दुष्काळ यांपैकी काहीही कोसळले की सर्वच धर्मांचे प्रवचनकार लोकांना कृतज्ञ राहायला सांगतात, आणि श्रद्धा नसलेली माणसे विचारतात की, ज्याचे सर्वस्व गेले त्याला कृतज्ञतेचा उपदेश करणे ही क्रूरता नाही काय? मला दोन्ही बाजूंचे म्हणणे गांभीर्याने घ्यावेसे वाटते. श्रद्धेतून आलेली कृतज्ञता हे संकटातले खरे बळ आहे, अशी माझी धारणा आहे. आणि या बळाची सर्वाधिक नासाडी धर्माच्याच नावाने झाली आहे, अशीही आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण बरीचशी गफलत तिथेच होते. कृतज्ञता ही आपण एक भावना समजतो. मन भरून येणे, ऊर दाटणे, प्रसन्न वाटणे. शब्द मात्र तसे म्हणत नाही. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणतो तो कृतज्ञ. त्याच्या उलट ‘कृतघ्न’, म्हणजे केलेल्याचा घात करणारा. पाली भाषेत ‘कतञ्ञू’ या शब्दाला ‘कतवेदी’ हा जोडशब्द येतो : केलेले जाणणारा आणि ते इतरांना जाणवून देणारा. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात बुद्धांनी जगात दुर्मीळ अशी दोन प्रकारची माणसे सांगितली आहेत. एक, आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि दुसरा हा कतञ्ञू-कतवेदी. अरबी भाषेत ‘शुक्र’, म्हणजे कृतज्ञता, याच्या विरुद्ध ‘कुफ्र’ हा शब्द वापरला जातो, आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे झाकणे. तीन वेगळ्या भाषा, त्यांमागे वेगळ्या श्रद्धा. तरी तिन्ही ठिकाणी कृतज्ञतेचा संबंध मनःस्थितीशी नसून जाणण्याशी, उघड ठेवण्याशी आहे. ही गोष्ट एकदा लक्षात घेतली की संकटातल्या कृतज्ञतेचा अर्थच पालटतो. दुःखाचा स्वभाव झाकण्याचा आहे. ते इतके पसरते की, त्याच्याखाली कालपर्यंतचे आयुष्य, माणसांचे हात, शरीराने इतकी वर्षे मुकाट्याने दिलेली साथ, असे सारे दिसेनासे होते. जे दिसत नाही ते नाहीसे झालेले नाही, हे स्वतःला बजावत राहण्याची रीत म्हणजे संकटातली कृतज्ञता. पण मग याच न्यायाने, जी कृतज्ञता दुःखालाच झाकू पाहते, ‘काही झालेलेच नाही’ असे म्हणायला लावते, ती आपल्या नावाशीच द्रोह करते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

जुन्या परंपरांनी ही काळजी घेतली होती. इसवी सनाच्या सुमारे 200 या काळात संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात असा नियम आहे की, चांगल्यासाठी जसे देवाला धन्य म्हणायचे तसेच वाईटासाठीही म्हणायचे. वरवर पाहता हा नियम फार कठोर वाटतो. परंतु त्याच परंपरेत दोन्ही प्रसंगी म्हणायचे शब्द मात्र वेगळे आहेत. सुवार्ता कानी आली तर, जो चांगला आहे आणि चांगले करतो तो धन्य, असे म्हणायचे. मृत्यूची वार्ता आली तर, जो सत्य न्यायाधीश आहे तो धन्य. दुसऱ्या प्रसंगी पहिले शब्द म्हणायचे नाहीत. वाईटाला चांगले म्हणण्याची सक्ती भाविकावर नाही. देवाशी बोलणे थांबवू नये, एवढीच अपेक्षा आहे. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने थेस्सलनीका या ग्रीक शहरातील ख्रिस्ती मंडळीला सुमारे इसवी सन 50 मध्ये लिहिलेल्या पत्रातील ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन अनेकदा उद्धृत होते, आणि ते जितके उद्धृत होते तितकेच चुकीच्या अर्थाने वापरले जाते. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘सर्व गोष्टींत’ असा आहे. स्थितीत आभार मानणे आणि स्थितीबद्दल आभार मानणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मूल दगावलेल्या आईने मुलाच्या मृत्यूबद्दल आभार मानावेत, असे हे वचन सांगत नाही. इस्लाममध्ये ‘अल्हम्दुलिल्लाह अला कुल्लि हाल’, म्हणजे प्रत्येक अवस्थेत स्तुती अल्लाहची, असे म्हटले जाते. आणि त्याच परंपरेने ही आठवणही जपली आहे की, तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

सतराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत, एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन माणसांनी ही गोष्ट जगून दाखवली. एक तुकाराम. दख्खनमध्ये 1630 ते 1632 या काळात पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली. त्यानंतरचा त्यांचा उद्गार सर्वांना ठाऊक आहे : ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ हे चरण उपदेशासाठी इतके सोयीचे आहेत की, ते एकटेच वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्याच तुकारामांनी आपल्या आयुष्याचा हिशेब मांडताना लिहून ठेवले आहे : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ या ओळीत कसलेही सांत्वन नाही, अध्यात्माची मलमपट्टी नाही. अन्न अन्न करीत मेली, असे त्यांनी म्हटले. देवाघरी गेली, सुटली, असे काही इथे म्हटले नाही. ‘बरें जालें’ म्हणण्याचा अधिकार तुकारामांना आहे तो यामुळे, की काय झाले ते त्यांनी झाकलेले नाही. आणि परंपरा सांगते की, त्या दुष्काळानंतर लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे आपल्या वाट्याचे कागद त्यांनी नदीत बुडवले. स्वतःच्या दिवाळ्याबद्दल जो ‘बरें जालें’ म्हणतो, तो दुसऱ्याला ‘तुझे दिवाळे निघाले ते बरे झाले’ असे सांगत बसत नाही. तो त्याचे कर्ज सोडून देतो.

दुसरा माणूस म्हणजे जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील आयलेनबुर्ग या तटबंदीच्या गावातला धर्मोपदेशक मार्टिन रिंकार्ट. युरोपातील ‘तीस वर्षांच्या युद्धात’ निर्वासितांनी भरून गेलेल्या त्या गावात 1637 मध्ये प्लेगची साथ आली. सोबतचे धर्मोपदेशक मेले किंवा निघून गेले, आणि रिंकार्टने त्या वर्षी 4,000 हून अधिक लोकांचे अंत्यविधी केले, असे सांगितले जाते. त्यांत त्याची पत्नीही होती. जर्मन भाषेत आजही गायले जाणारे, ‘आता सारे देवाचे आभार मानू या’ अशा अर्थाचे स्तोत्र त्याचेच. पुष्कळदा असे सांगतात की, प्रेते पुरता पुरता त्याने ते लिहिले. वस्तुतः ते साथीच्या आधी, घरातल्या मुलांनी जेवणाच्या वेळी म्हणायची प्रार्थना म्हणून रचले गेले असावे, असे मानले जाते. मला ही दुसरी हकिकत अधिक मोलाची वाटते. संकट आल्यावर कृतज्ञता शिकता येत नाही. पोहणे जसे बुडताना शिकता येत नाही, तसेच हे आहे. हाताला आणि जिभेला वळण आधी लागलेले असावे लागते. म्हणूनच सर्व श्रद्धांनी आभाराला रोजच्या वेळा नेमून दिल्या, जाग आल्यावर, जेवताना, झोपताना. मन लागो न लागो, शब्द म्हणायचे. याला बाहेरून पाहणारे पोकळ कर्मकांड म्हणतात, आणि कित्येकदा ते तसे असतेही. पण ज्या रात्री मनात एकही शब्द उगवत नाही त्या रात्री तोंडात बसलेले शब्दच माणसाला धरून ठेवतात.

आता आक्षेपांकडे येते, आणि त्यांतला सर्वांत मोठा आक्षेप मला आजही अस्वस्थ करतो. अपघातातून वाचलेला माणूस म्हणतो, ‘देवाने मला वाचवले.’ मग शेजारच्या आसनावरचा मेला, त्याला देवाने का वाचवले नाही? वाचवण्याचे श्रेय देवाला द्यायचे तर न वाचवण्याचा जाब कोणाला विचारायचा? या प्रश्नाला चलाख उत्तरे अनेक आहेत आणि त्यांतले एकही मृताच्या घरच्यांसमोर उच्चारण्याच्या लायकीचे नाही. माझे उत्तर इतकेच आहे की, कृतज्ञता हा कारणमीमांसेचा दावा होऊ लागला की ती बिघडते. ‘मला निवडून वाचवले’ या म्हणण्यात स्वतःविषयीचा गर्व आणि इतरांविषयीचा निवाडा दडलेला असतो. ‘मी वाचलो, आणि यावर माझा काही हक्क नव्हता’ या म्हणण्यात तो नसतो. दुसऱ्या वाक्यातून शेजारच्या आसनावरच्या माणसाविषयी ओढ निर्माण होते, त्याच्या घरी जाऊन बसावेसे वाटते. बायबलमधील ईयोबाच्या प्राचीन कथेत नेमका हाच भेद आहे. संपत्ती आणि मुले गमावल्यावर ईयोब म्हणतो की, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, परमेश्वराचे नाव धन्य असो. बहुतेक प्रवचने इथे थांबतात. कथा बेचाळीस अध्यायांची आहे आणि हा उद्गार पहिल्याच अध्यायात येऊन जातो. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र मात्र हिशेब मांडतात : तू काहीतरी पाप केले असशील. शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की, माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. जाब विचारणारा खरा ठरला आणि देवाची बाजू मांडणारे खोटे ठरले. श्रद्धेच्या साहित्यात याहून धाडसी निकाल मला दुसरा आढळलेला नाही.

तक्रार ही कृतज्ञतेची शत्रू आहे, हा समज म्हणूनच टाकून द्यायला हवा. बायबलमधील हिब्रू स्तोत्रांच्या संग्रहात 150 रचना आहेत आणि त्या संग्रहाचे नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुतिगीते, असे आहे. पण त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रचना विलापाच्या आहेत. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर अंधारातच होतो, आशेचा एकही शब्द त्यानंतर येत नाही. तरी ते स्तुतिगीतांतच ठेवले गेले. तुकारामांनी रागाच्या एका क्षणी ‘माझे लेखीं देव मेला’ असे म्हटले आणि वारकऱ्यांनी तो अभंग गाथेतून काढला नाही. ज्याच्याशी भांडता येते त्याचेच मनापासून आभार मानता येतात. श्रद्धेने कृतज्ञतेला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी समोर असलेले कोणीतरी, असे उत्तर देईन. श्रद्धा नसलेला माणूस कृतज्ञ नसतो असे मी म्हणत नाही. माणसांविषयीची त्याची कृतज्ञता कित्येक भाविकांहून निर्मळ असते. पण जे कोणाही माणसाने दिलेले नाही, श्वास, सकाळ, अजून न गेलेली स्मृती, त्याबद्दल मन भरून आले की भाविकाला ते सांगायला कोणीतरी असते, आणि तेच हिरावले गेले की रागवायलाही.

तुलनेतून उभी राहणारी कृतज्ञता मात्र मला पटत नाही, मग ती कितीही थोर मुखातून आलेली असो. तेराव्या शतकातील फारसी लेखक सादी यांची एक गोष्ट जगभर सांगितली जाते : पायात जोडे नाहीत म्हणून खंत करणाऱ्याला पाय नसलेला माणूस दिसला आणि त्याने देवाचे आभार मानले. गोष्ट परिणामकारक आहे यात शंका नाही. पण पाय नसलेल्या माणसाने काय करायचे? त्याने आणखी खालचा कोणी शोधायचा काय? दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या समाधानाची पायरी करणारे आभार देवापर्यंत पोहोचत असतील, असे मला वाटत नाही. ‘याहून वाईट होऊ शकले असते’ हे आजारी घरात येणारे वाक्य याच जातीचे आहे.

तितकाच फसवा दुसरा एक प्रकार आहे : पुढे झालेल्या फायद्यावरून मागच्या दुःखाचे समर्थन करणे. राव्हेन्सब्रूक येथील नाझी छळछावणीत कॉरी टेन बूम ही डच स्त्री आणि तिची बहीण बेट्सी यांना जिथे कोंबले होते ती बराक पिसवांनी भरलेली होती. बेट्सीने पौलाच्या त्या वचनाची आठवण देऊन पिसवांबद्दलही आभार मानले. कॉरीला हे अति वाटले. पुढे कळले की, पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत येत नव्हते आणि म्हणूनच त्यांना प्रार्थनासभा घेता येत होत्या. ही हकिकत सांगणारे बहुधा ‘पाहा, पिसवांचाही उपयोग झाला’ या टाळीच्या वाक्यावर थांबतात. मला वाटते, उपयोग कळण्याआधी मानलेले आभारच इथे महत्त्वाचे आहेत. शिवाय त्याच वर्षी, डिसेंबर 1944 मध्ये, बेट्सी त्या छावणीत मरण पावली. तिच्या मृत्यूचा काय उपयोग झाला, असे विचारण्याचे धाडस कोणी करू नये. तिची कृतज्ञता उपयोगावर उभी नव्हती, म्हणून मृत्यूनेही ती खोटी ठरली नाही.

हल्ली कृतज्ञतेकडे औषध म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. तिच्यामागे संशोधन आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना आभार मानण्याजोग्या गोष्टींची, तर काहींना त्रासदायक गोष्टींची यादी करायला सांगितले होते. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याविषयी अधिक बरे वाटल्याचे आढळले, आणि स्नायू व मज्जातंतूंच्या विकाराने ग्रस्त असलेल्यांच्या गटातही तसाच कल दिसला. पुढे अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा मात्र नैराश्य आणि चिंता यांवर अशा सरावाचा परिणाम लहानच असल्याचे दिसून आले. यात मला निराश होण्यासारखे काही वाटत नाही. जी कृतज्ञता बरे वाटावे म्हणून करायची ती बरे न वाटल्यास सोडून द्यावी लागते. श्रद्धेतली कृतज्ञता बरे वाटण्याच्या अटीवर चालत नाही. नैराश्याच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला यादी लिहायला सांगून उपचारांपासून दूर ठेवणे तर सरळ सरळ अपराध आहे, मग ते विज्ञानाच्या नावाने होवो वा देवाच्या.

आणि शेवटी सार्वजनिक जीवनातला सर्वांत गंभीर दुरुपयोग. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सत्ताधारी, मालक, कित्येकदा धर्मगुरूही, कृतज्ञ राहायला सांगतात. आहे त्यात समाधान मान, मिळते त्याचे आभार मान. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून निसटलेला माणूस 5 जुलै 1852 रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अमेरिकी स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषण करायला उभा राहिला, तेव्हा त्याने श्रोत्यांना सांगितले की, तुमच्या प्रार्थना, तुमची स्तोत्रे आणि तुमचे आभारप्रदर्शन हे गुलामाच्या दृष्टीने ढोंग आहे. तो श्रद्धावान होता आणि श्रद्धेच्याच भाषेत बोलत होता. लाखो माणसांच्या बेड्यांवर अंथरलेल्या आभाराच्या चादरीवर त्याने बोट ठेवले. अकरा वर्षांनी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी 3 ऑक्टोबर 1863 रोजी आभारदिनाची घोषणा काढली, आणि तिच्यात आभारांसोबतच राष्ट्राच्या अपराधांबद्दल पश्चात्ताप करण्यास आणि विधवा, अनाथ, शोकग्रस्त यांच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले होते. राष्ट्राने वा समाजाने एकत्र येऊन आभार मानायचे असतील तर ते असेच, पश्चात्तापाला बाजूला न ढकलता मानायला हवेत.

मग श्रद्धावान समाजाने संकटग्रस्ताच्या दारात जाऊन करायचे काय? ईयोबाच्या मित्रांनी पुढे सारे चुकवले, पण आरंभी त्यांनी एक गोष्ट अचूक केली होती. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. आभार मानायचे की नाही, मानायचे तर कशाबद्दल आणि केव्हा, हे ज्याच्या अंगावर संकट आले त्यालाच ठरवू द्यावे. भेटीला जाणाऱ्याने आपल्या वर्तनाने त्याच्या यादीत एखादी भर घातली, त्याची रात्र जागून काढली, त्याचे कर्ज सोडले, त्याच्या वतीने एखाद्या कार्यालयात खेटे घातले, तर कृतज्ञतेवरच्या प्रवचनाची गरज उरत नाही.

माझी आई देवासमोर काय म्हणत असे, ते मी एकदा दाराआड उभी राहून ऐकले. ती माणसांची नावे घेत होती. ज्या परिचारिकेने न रागावता तिसऱ्यांदा चादर बदलली तिचे नाव, ज्याने रक्त दिले त्याचे, जो रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता तासभर बसत असे त्याचे. मग वडिलांचे नाव घेऊन ती म्हणाली, ‘त्यांना आज फार त्रास झाला. तू पाहिलास ना?’ वडील गेले त्या रात्रीही ती बसली. नावांची यादी त्या रात्री नेहमीपेक्षा लांब होती, आणि ती संपल्यावर तिने देवाला ‘का’ असे विचारले. उत्तराची वाट पाहत असल्यासारखी ती बराच वेळ तिथेच बसून राहिली, मग उठून तिने दिवा शांत केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी तिथे जाऊन बसली.